पुस्तकं शेअर करायचं ॲप हातखंब्याच्या तिठ्यावर चालेल का?

मुंबई-गोवा हायवेवरून रत्नागिरी शहरात जायचं, तर हातखंब्याच्या तिठ्यावर वळावं लागतं. इथून शहर साधारण १२-१३ किलोमीटर. त्या शहरात १८२८ साली सुरू झालेलं वाचनालय आहे, राज्यातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. म्हणजे पुस्तकांचा आणि या भागाचा संबंध आजचा नाही.

आता एक नेहमीचा प्रसंग बघा. समजा, हातखंब्याजवळच्या एका वाडीत एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय. तिला एक जाडजूड पुस्तक हवंय, पण नवं घ्यायला परवडत नाही. ती व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारते, "पीडीएफ आहे का कुणाकडे?" तेच पुस्तक दोन वाड्या सोडून एका घरात माळ्यावर पडून आहे. ज्याचं आहे तो परीक्षा पास होऊन कधीच मुंबईला गेला. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

अशा दोघांना जोडण्यासाठी जी ॲप बनतात, त्यांना पीअर टू पीअर बुक शेअरिंग म्हणतात. मध्ये दुकान नाही, वाचनालय नाही. माझं पुस्तक तुम्ही वाचायचं, तुमचं मी. कल्पना इतकी सोपी आहे, तरी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असं ॲप आलं तरी महिन्याभरात उडवलं जातं. असं का होतं आणि वापरणाऱ्याची गरज धरून ते नव्याने बनवायचं झालं तर काय बदलावं लागेल, तेच समजून घेऊ.

आधी कुणी काय करून पाहिलंय?

२००१ साली अमेरिकेत बुकक्रॉसिंग सुरू झालं. पुस्तकावर एक नंबर टाकायचा आणि ते बाकावर, स्टेशनवर कुठेही ठेवून द्यायचं. ज्याला सापडेल त्याने वेबसाईटवर नंबर टाकून नोंद करायची. २००६ ला बुकमूच आलं. तिथे पॉइंट होते. तुम्ही कुणाला पुस्तक पोस्टाने पाठवलं की पॉइंट मिळणार आणि त्या पॉइंटवर दुसऱ्या कुणाचं पुस्तक मागवता येणार.

या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. पुस्तक गेलं ते गेलं, परत येणार नाही, हे देणाऱ्याने आधीच मान्य केलेलं असतं.

आपल्याकडे मात्र बहुतेकांना पुस्तक द्यायचं असतं आणि परतही हवं असतं. दुसऱ्याच्या हातात गेलेलं पुस्तक परत येत नाही, हे सांगणारं संस्कृत सुभाषितही आहे. म्हणजे ही तक्रार किती जुनी आहे बघा. माझ्याच कपाटातली तीन पुस्तकं कुणाकडे आहेत ते मला पक्कं माहितेय. मागायची हिंमत होत नाही, इतकंच.

खरी अडचण इथे आहे. मागणाऱ्याचं काही जात नाही, धोका देणाऱ्याचा असतो. पण ॲपचा पहिला स्क्रीन बनतो मागणाऱ्यासाठी. मोठा सर्च बॉक्स, रंगीत मुखपृष्ठं आणि 'तुमच्या जवळची पुस्तकं'. देणाराच आला नाही, तर सर्चमध्ये दिसणार काय?

महाराष्ट्रात जे चाललं, ते का चाललं?

२००९ साली नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते. काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. ही पेटी पुढे दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी लोकांपर्यंत पोचली. यात ॲप नव्हतं. पण पेटी सांभाळणारा एक ओळखीचा माणूस होता आणि बदलायची वेळ ठरलेली होती.

दुसरं उदाहरण भिलारचं. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या या गावाला ४ मे २०१७ ला 'पुस्तकांचं गाव' ही ओळख मिळाली. सुरुवात २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तकांनी झाली. पुस्तकं ठेवली ती बरीचशी गावकऱ्यांच्या घरांत. तुम्ही जायचं, बसायचं, वाचायचं. इथेही बऱ्याच कपाटांना जबाबदार असं एक घर आहे.

दोन्हीकडे देणाऱ्याची भीती कमी करायची सोय आधी झाली, वाचक नंतर आले. ॲपला याच क्रमाने जावं लागेल.

हातखंब्यात बसून डिझाइन करायचं तर...

वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवून डिझाइन करायचं, हा विचार डॉन नॉर्मन यांनी १९८० च्या दशकात लोकप्रिय केला. त्याचा पहिला नियम साधा आहे. स्क्रीन काढायच्या आधी माणसं काय करतात ते बघा. हातखंब्यात बघितलं, तर निदान पाच गोष्टी बदलाव्या लागतील.

१. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. ॲप सांगणार, पुस्तक २ किलोमीटरवर आहे. पण ती नकाशावरची सरळ रेष. प्रत्यक्षात मध्ये हायवे असतो, घाटी असते, पावसाळ्यात भरलेला पऱ्या असतो. याउलट रोज एसटीने रत्नागिरीला जाणाऱ्याला १२ किलोमीटरवरचं पुस्तक सहज आणता येतं. म्हणून ॲपने 'तुम्ही कुठे राहता' यापेक्षा 'कुठल्या दिवशी, कुठून कुठे जाता' हे विचारावं. देणं-घेणं तिठ्यावर, शाळेत किंवा ओळखीच्या दुकानात व्हावं. घरचा पत्ता कुणाला दिसायची गरजच नाही.

२. बारकोडवर विसंबू नका. पुस्तक टाकायला बारकोड स्कॅन करा, असं बहुतेक ॲप म्हणतात. तो बारकोड आयएसबीएन क्रमांकाचा असतो. ही पद्धत आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७० पासूनची. माळ्यावरच्या जुन्या मराठी पुस्तकांवर ना क्रमांक, ना बारकोड. तिथे कपाटाचा एक फोटो काढून काम भागलं पाहिजे.

३. सर्चला मराठी नावं कळू द्या. आपण 'पु. ल. देशपांडे' असं पूर्ण टाइप करत नाही, 'पुलं' टाइप करतो. तसंच वपु, जीए, गोनीदां. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, हे आपल्याला माहितेय, ॲपला शिकवावं लागतं. टिंब आणि स्पेस चुकली म्हणून 'एकही पुस्तक सापडलं नाही' असं आलं, की माणूस पुन्हा फिरकत नाही.

४. भिडेचं काम ॲपने करावं. पुस्तक देतानाच परत यायची तारीख ठरावी. ती जवळ आली की आठवण ॲपनेच करून द्यावी, म्हणजे देणाऱ्याला तोंड उघडावं लागत नाही. आणि भाषा बँकेच्या हप्त्यासारखी नको. 'वाचून झालं का? अजून आठवडा हवा असेल तर कळवा' इतकं पुरे. हरवलं तर दंड नको, त्याऐवजी देणाऱ्याच्या पसंतीचं दुसरं पुस्तक, हे आधीच ठरलेलं असावं.

५. कोकणचं कॅलेंडर लक्षात घ्या. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात. माळ्यावरची पुस्तकं बाहेर काढायची आणि मुंबईहून वाचून झालेली आणायची हीच वेळ. पावसाळ्यात मात्र कागदाला बुरशी लागते. त्यामुळे पुस्तक देताना त्याच्या अवस्थेचा फोटो हवा, म्हणजे नंतर वाद नाही.

पोस्टाने पाठवता येणार नाही का?

येईल. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाची पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त रजिस्टर्ड सेवा बंद झाली, तेव्हा बरीच नाराजी झाली होती. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली. तेव्हा जाहीर झालेले दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. मुंबईच्या चाकरमान्याने गावातल्या मुलीला पुस्तक पाठवायला हे ठीक आहे. पण ते परतही पाठवायचं तर खर्च दुप्पट. म्हणून पोस्ट कायमच्या देण्यासाठी आणि तिठा उसनवारीसाठी, असे दोन वेगळे पर्याय ॲपमध्ये हवेत.

आणि त्या पीडीएफचं काय? स्वतः विकत घेतलेली प्रत दुसऱ्याला वाचायला देण्यात काही गैर नाही. पण पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकणं म्हणजे नवी प्रत काढून वाटणं, आणि कॉपीराइट असलेल्या पुस्तकाबाबत ते बेकायदेशीर आहे. वापरणारी मुलगी १८ वर्षांखालची असेल, तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांच्या संमतीची अट आहे, हेही ॲप बनवणाऱ्याने आधीच बघायला हवं.

मग सुरुवात कुठून?

कोडिंगपासून नको. फेसबुकसुद्धा २००४ मध्ये आधी फक्त हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी होतं. राज्यभर विखुरलेल्या ५० लोकांचा पुस्तकांसाठी एकमेकांना उपयोग नाही, एका गावातल्या ५० लोकांचा आहे. एक वाडी, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक वही घेऊन दोन महिने हाताने चालवून बघा. कोण काय मागतं, कुठे भेटतं, कधी परत देतं, ते लिहून ठेवा. मग कागदावर स्क्रीन काढून पाच जणांना दाखवा. निवृत्त गुरुजी, अभ्यास करणारी मुलगी, चाकरमानी, बचत गटातली ताई आणि तिठ्यावरचा दुकानदार. पाच जणांच्या चाचणीत बहुतेक मोठ्या चुका सापडतात, हे जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं.

यश डाऊनलोडवर मोजू नका. किती पुस्तकं परत आली आणि एकदा दिलेल्यांपैकी किती जणांनी दुसऱ्यांदा दिलं, हे दोन आकडे पुरेसे आहेत. पहिल्यांदा माणूस उत्साहात देतो, दुसऱ्यांदा विश्वास बसला तरच देतो.

ॲप येईल तेव्हा येईल. तोपर्यंत तुमच्या कपाटात दुसऱ्याचं एखादं पुस्तक असेल, तर त्याला आजच मेसेज टाका. तो भिडेपोटी गप्प असणार.