पुलाखालचं पाणी

सकाळचे साडेआठ. सापगावच्या पुलाचा कठडा आत्ताच हाताला चटका देतोय. खाली भातसा वाहते आहे. मे महिना, तरी पात्रात धार आहे. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं असतं. ते याच पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उपसून मुंबईला. त्या शहराच्या रोजच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा माझ्या पायांखालून चाललाय. काठच्या दगडावर धुणं आपटल्याचा आवाज येतो. मुरबाडकडून एसटी येते आणि पूल थरथरतो.

रिक्षाने शहापूर. पंचायत समितीच्या आवारात चपलांचा ढीग. पाणीपुरवठा, घरकुल, शिक्षण, पशुसंवर्धन, एकेका दारावर एकेक पाटी. एकट्या गावाला अभियंता परवडत नाही, गुरांचा डॉक्टर परवडत नाही. तालुका सगळ्यांसाठी मिळून ठेवतो. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात हीच रीत आहे.

पंखा गरम वारा ढकलतोय. बाकावर पाड्यावरच्या तिघी बसल्यात, पदराने वारा घेत. एकीच्या हातात ग्रामपंचायतीचा ठराव, घडीवर घामाचा डाग.

"साहेब हायत का?"

"पाहणीला गेलेत, मावशी. बसा."

ठराव, मग प्रस्ताव, मग पाहणी, मग मंजुरी. तेव्हा टँकर. तिघी बसून राहतात. अकरा वाजतात, बारा वाजतात. बाहेर गुलमोहराखाली उसाच्या रसाचं घुंगरू वाजतंय. त्या तिकडे बघतात, उठत नाहीत.

दुपारी कसाऱ्याच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर. मंजुरी आलेला हा पाडा. विहिरीच्या काठावर हंडे रांगेत मांडलेत. माणसं सावलीला, हंडे उन्हात. लहान मुलं आधी उठतात, त्यांना घाटातला इंजिनचा आवाज लांबून कळतो. टँकर टेकतो, पाइप विहिरीत पडतो. माणशी वीस लिटर, या हिशेबाने दहा हजारांचा टँकर पाचशे जणांचा. वीस लिटर म्हणजे दीड हंडाही नाही. त्यातच पिणं, रांधणं, धुणं. पाणी तळाशी आपटतं, गढूळ होतं. तरी दोर सुटतात. कळशीवर कळशी आदळते.

चालक वही पुढे करतो. एक बाई ओल्या बोटांनी सही करते. शाई फराटते.

"उद्या येशील ना रं?"

"खेप लावली तर येतो, मावशी."

टँकर घाट उतरायला लागतो. विहिरीवरची रांग अजून अर्धीच सरली आहे.