ज्याच्या बाजूला अडथळा, त्याने थांबावे

इतवारीतील कोणत्याही ओळीत दुकाने उघडून तासभर झाला की दोन्ही कडांना वाहनांच्या रांगा लागतात. मालकाची मोटार, मुनीमजींची स्कूटर, गिऱ्हाइकांच्या दुचाकी, माल उतरवण्यासाठी थांबलेला छोटा हत्ती आणि त्याला टेकून उभी असलेली हातगाडी. मध्ये उरते ती जेमतेम एका वाहनापुरती वाट. तिच्या दोन टोकांशी दोन वाहने एकाच वेळी येतात, आपणच आधी आलो अशी दोन्ही चालकांची खात्री असते आणि दोघेही आत शिरतात. मध्यावर दोघांची गाठ पडते. तोवर दोघांच्याही मागे आणखी चार-चार वाहने येऊन लागलेली असतात, त्यामुळे मागे सरकणेही अशक्य होते. भोंग्यांचा गोंगाट सुरू होतो. अखेर एखादे वडीलधारे गृहस्थ गादीवरून उठतात, रस्त्यात उभे राहून हातवारे करीत कोंडी फोडतात आणि पुन्हा आपल्या हिशेबाकडे वळतात. हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की यात कोणाचे चुकले, असा प्रश्नही आता कोणी विचारत नाही.

वास्तविक या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते फार जुने आहे. रस्ता वाहतुकीसंबंधी १९६८ साली व्हिएन्ना येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८० मध्ये त्यात सामील झाला. या कराराच्या बाराव्या कलमाचा आशय असा की, ज्या चालकाच्या बाजूला अडथळा असेल त्याने वेग कमी करावा आणि गरज पडल्यास थांबून समोरच्यास आधी जाऊ द्यावे. इंग्लंडमध्ये १९३१ पासून ‘हायवे कोड’ नावाची पुस्तिका प्रसिद्ध होत आली आहे. तिच्या आजच्या आवृत्तीतील १६३ व्या नियमातही हेच सांगितले आहे: आपल्या बाजूला उभी वाहने असतील तर ती ओलांडण्यापूर्वी समोरून येणाऱ्यास वाट द्यावी.

नियमामागील तर्क कोणाही व्यापाऱ्यास सहज पटावा असा आहे. आपल्याकडे डावीकडून चालण्याची पद्धत आहे, म्हणजे रस्त्याचा डावा अर्धा भाग आपला आणि उजवा समोरच्याचा. डाव्या कडेला गाडी उभी असेल तर तिला वळसा घालताना आपण समोरच्याच्या अर्ध्या भागात शिरतो. शेजाऱ्याच्या ओट्यावर आपला माल ठेवायचा असेल तर आधी त्याला विचारावे लागते, तसेच हे आहे. कोण आधी आला, कोणाची गाडी मोठी, कोणाचा भोंगा कर्कश, यांपैकी कशाचाही येथे संबंध नाही. पाहायचे ते एवढेच की उभी गाडी कोणाच्या बाजूला आहे.

थांबायचे कसे, हेही समजून घेण्यासारखे आहे; कारण पुष्कळ चालक थांबतात, परंतु चुकीच्या ठिकाणी. उभ्या गाडीच्या पाठीला अगदी चिकटून थांबले की पुढचे दिसत नाही, आणि निघताना चाक पुरते वळत नसल्यामुळे वाहन तिरके होऊन अख्खा रस्ता अडवते. एका मोटारीच्या लांबीइतके अंतर मागे ठेवून, डाव्या कडेला सरळ उभे राहिले की समोरच्याला आपला हेतू लांबूनच कळतो आणि वाट मोकळी होताच एका वळणात बाहेर पडता येते. निर्णय मात्र आधीच व्हायला हवा. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात अकरा मीटर पुढे सरकते. तोच वेग वीस असेल तर साडेपाच मीटर. अरुंद वाटेच्या तोंडाशी पोहोचल्यावर विचार करू लागणाऱ्याला विचारासाठी वेळच उरत नाही.

सर्वांत मोठी कोंडी मात्र पहिल्या वाहनामुळे होत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्यामुळे होते. समोरच्याने सौजन्याने एकाला वाट दिली की त्याची शेपटी धरून आणखी पाच जण घुसतात. थांबलेल्याचा संयम सुटतो, तोही आत शिरतो आणि दोन्ही रांगा अडकून पडतात. एक इकडचा, एक तिकडचा, अशी पाळी सांभाळली तर अरुंद वाटही वाहती राहते. रांगेतील तिसऱ्या क्रमांकाच्या चालकाने ‘आता पाळी समोरच्याची’ असे ओळखून आपणहून थांबणे, हे नागपुरात क्वचितच दिसते.

अडथळा समोरच्याच्या बाजूला असेल तेव्हा जाण्याचा हक्क आपला. परंतु हक्क असणे आणि तो त्याच क्षणी वसूल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्जाचा हप्ता थकला की बँकेला संपूर्ण रक्कम मागण्याचा अधिकार पोहोचतो; तरीही शहाणा अधिकारी आधी धंद्याची परिस्थिती पाहतो आणि मगच पाऊल उचलतो. समोरचा वाटेत अर्ध्याहून पुढे आला असेल तर नियमाने चूक त्याची असली तरी त्याला मागे ढकलण्यात कोणाचाच फायदा नाही. ज्याच्या मागे जागा मोकळी आहे, त्याने सरकावे.

काहींना तर नियमाआधीच वाट द्यायला हवी. त्यांत पहिला हातगाडीवाला. गव्हाच्या किंवा साखरेच्या पोत्यांनी भरलेली गाडी थांबवायला हमालाला सारे अंग मागे रेटावे लागते आणि पुन्हा हलवायला त्याहून अधिक बळ लागते. मोटारीतील माणसाला थांबण्यासाठी फक्त पायाचा पंजा दाबायचा असतो. ज्याच्या मालावर आपली पेढी चालते त्याच्याच पाठीशी भोंगा वाजवणे शोभत नाही. चढणीच्या रस्त्यावर, जसे सेमिनरी हिल्सच्या बाजूला, खालून वर येणाऱ्याला प्राधान्य असते. १९८९ च्या रस्ता-नियमावलीतही तशी तरतूद होती. आणि रुग्णवाहिका. मेयो रुग्णालय इतवारीपासून जवळ, त्यामुळे येथील रस्त्यांवर तिचा आवाज दिवसभर ऐकू येतो. रुग्णवाहिकेस वा अग्निशामक वाहनास वाट न देणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण ज्या ओळीत रुग्णवाहिका शिरूच शकत नाही तेथे वाट देणारा तरी काय देणार?

येथेच हा विषय चालत्या वाहनाकडून उभ्या वाहनाकडे वळतो. ‘ज्याच्या बाजूला अडथळा, त्याने थांबावे’ हा नियम अडथळा एकाच बाजूला आहे असे गृहीत धरतो. इतवारीत तो दोन्ही बाजूंना असतो. मग थांबायचे कोणी? नियमाची तर्कशुद्धता येथे संपते आणि दांडगाई सुरू होते.

थोडा हिशेब मांडून पाहावा. एखादी ओळ वीस फूट, म्हणजे सहा मीटर रुंद आहे असे समजू. सामान्य मोटारीची रुंदी सुमारे १.७ मीटर. दोन्ही कडांना एकेक मोटार, नालीपासून थोडे अंतर सोडून उभी केली, की मध्ये सव्वादोन मीटरच्या आसपास जागा उरते. छोटा हत्ती दीड मीटर रुंद, तो जाईल. रुग्णवाहिका आरसे मिटून, वीतभर जागा राखीत, कशीबशी जाईल. मोठा अग्निशामक बंब अडीच मीटरच्या जवळपास असतो. तो जाणार नाही. कापड, कागद, तेल, प्लास्टिक आणि फटाके यांची गोदामे ज्या वस्तीत आहेत, तेथे या पाव मीटरची किंमत विम्याच्या हप्त्यात मोजता येत नाही.

उलट, मोटारी एकाच बाजूला उभ्या राहिल्या तर चार मीटरहून अधिक जागा मोकळी राहते. बंब जातो; छोटा हत्ती आणि मोटार एकमेकांना ओलांडू शकतात; आणि कोणी थांबावे हेही स्पष्ट होते. १९८९ च्या नियमावलीत उभ्या वाहनाच्या समोर दुसरे वाहन उभे करण्यास मनाई होती, ती याच कारणाने असावी. शेजारी शेजारी दुहेरी रांग लावण्यास, पदपथावर, चौकाजवळ, वळणावर, शाळा-रुग्णालयाच्या दाराशी वा रस्त्याच्या उलट बाजूस वाहन उभे करण्यासही त्यात मनाई होती. २०१७ मध्ये त्या नियमावलीची जागा नव्या विनियमांनी घेतली.

पुण्यासारख्या शहरांत सम-विषम तारखेची पद्धत अनेक रस्त्यांवर चालते: सम तारखेला एका कडेला, विषम तारखेला दुसऱ्या. कोणत्याच दुकानदाराच्या दारापुढे कायमचा अडथळा राहत नाही आणि एक बाजू नेहमी मोकळी असते. एखाद्या ओळीतील व्यापाऱ्यांनी एकमताने ठरवले तर हे पाळण्यासाठी पोलिसांची वाट पाहण्याचे कारण नाही. अडचण इतकीच, की सकाळी सर्वांत आधी येऊन दुकानासमोरची जागा अडवणारी मोटार बहुधा गिऱ्हाइकाची नसते. ती मालकाची असते आणि रात्री दुकान वाढवेपर्यंत हलत नाही. दहा तासांत त्या जागेवर पंधरा-वीस गिऱ्हाइके येऊन गेली असती. जागेचे भाडे चौरस फुटाने मोजणाऱ्या व्यापाऱ्याच्या नजरेतून हा तोटा कसा सुटतो, याचे नवल वाटते.

उभ्या गाडीचा आणखी एक धोका तिच्या दारात असतो. मागे न पाहता दार उघडले गेले आणि दुचाकीस्वार त्यावर आदळला, असे अपघात शहरात वारंवार होतात. म्हणून रांगेजवळून जाणाऱ्याने दाराच्या रुंदीइतके, निदान मीटरभर अंतर राखावे. तेवढी जागा नसेल तर वेग पायी चालणाऱ्याइतका करावा. गाडीत कोणी बसले आहे का, मागचा दिवा लागला आहे का, पुढचे चाक वळले आहे का, हे पाहावे. उतरणाऱ्यासाठी हॉलंडमध्ये रूढ असलेली एक साधी सवय आहे: दार दूरच्या हाताने उघडावे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्याने डाव्या हाताने दार उघडले की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. २०२२ पासून इंग्लंडच्या ‘हायवे कोड’मध्येही ही सूचना आहे.

डिपरचेही तसेच. परदेशी शिकून आलेल्या मुलामुलींचा येथे हमखास गोंधळ होतो. इंग्लंडमध्ये समोरच्याने दिवा लुकलुकवला तर लोक बहुधा ‘तुम्ही या’ असा अर्थ घेतात, जरी तेथील पुस्तिका त्याचा उपयोग केवळ ‘मी येथे आहे’ हे कळवण्यापुरताच मान्य करते. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी थांबणार नाही’ असा आहे. या संदिग्ध खुणेपेक्षा वाहन स्वच्छपणे थांबवून हाताने वाट दाखवणे बरे. वाट मिळालेल्यानेही हात वर करून ते स्वीकारावे. त्याला खर्च काही येत नाही.

चातुर्मासात हा प्रश्न उपाश्रय व मंदिर यांच्या दाराशी येऊन ठेपतो. पर्युषणाचे आठ आणि दशलक्षणाचे दहा दिवस प्रवचनाच्या वेळी समाजाच्याच मोटारी दोन्ही कडांना लागतात, पदपथही व्यापतात. त्याच वेळी गोचरीस निघालेल्या साध्वीजींना, आहारचर्येस निघालेल्या मुनिश्रींना अनवाणी रस्त्याच्या मध्यावरून चालावे लागते. ईर्यासमितीनुसार चार हात पुढची जमीन न्याहाळत, जीवजंतूंना जपत त्यांचे पाऊल पडत असते. नजर भूमीवर असल्यामुळे समोरून येणाऱ्या वाहनाकडे त्यांचे लक्ष असेलच असे नाही. पाहण्याची सारी जबाबदारी चालकावर येते. वृद्धांना दाराशी उतरवून मोटार दोन गल्ल्या पलीकडे एकाच कडेला लावावी, आणि अशा वेळी समोर आलेल्या वाहनाने भोंगा न वाजवता उभ्या गाडीच्या मागे, त्या पुढे जाईपर्यंत थांबावे. तेवढ्याला अर्धा मिनिट लागतो.