डॉक्टरांच्या छातीवरील लहानसा बिल्ला

हृदयविकाराचा झटका आला असतां आमच्या नांदगांवच्या बाजूच्या रुग्णास पुष्कळदां कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई येथें न्यावें लागतें. तेथें त्याच्या मनगटांतील अथवा जांघेंतील रोहिणींतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, आणि अडलेली रक्तवाहिनी क्ष-किरणांच्या साह्यानें पडद्यावर पाहून मोकळी करितात. त्या खोलींत रुग्ण एखाद्या वेळींच जातो. डॉक्टर मात्र रोज जातात. त्यांच्या अंगावर किती किरण पडले, याचा हिशेब कोण ठेवितो? या प्रश्नाचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

क्ष-किरणांचा शोध जर्मन शास्त्रज्ञ रंटगेन यांनीं १८९५ सालीं लाविला. आरंभीं हे किरण निरुपद्रवी आहेत अशीच पुष्कळांची समजूत होती. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे आपल्याच हातांवर किरण पाडून यंत्रें पारखीत असत. त्यांच्या हातांस असाध्य व्रण पडले, हात कापावे लागले, आणि १९०४ सालीं त्यांचा अंत झाला. जें डोळ्यांस दिसत नाहीं, तें मोजल्यावांचून कळत नाहीं, हा धडा जग असें मोठी किंमत देऊन शिकलें.

कोणी विचारील, किरण तर रुग्णावर सोडतात. मग डॉक्टरांस त्यांची बाधा कशी? मालवणच्या किनाऱ्यावर होडी वल्हविणाऱ्याच्या डोक्यावर टोपी असली, तरी पाण्यावरून परतणाऱ्या उन्हानें त्याचें तोंड रापतें. त्याचप्रमाणें रुग्णाच्या शरीरावर आदळून कांहीं किरण चोहोंकडे विखुरतात. डॉक्टर शिशाचा अंगरखा घालितात, त्यानें धड झांकलें जातें. परंतु डोकें, डोळे व हात उघडेच राहतात. यास्तव शिसेयुक्त कांचेचा पडदा व चष्मा वापरणें आणि शक्य तितकें दूर उभें राहणें अवश्य असतें. किरणांच्या उगमापासूनचें अंतर दुप्पट केलें, तर त्यांची तीव्रता सुमारें चौथाईवर येते.

आतां हिशेबाकडे वळूं. आपल्या देशांत अशा डॉक्टरांनीं अंगरख्याच्या आंत, छातीवर, एक बिल्ला लावावयाचा असतो. त्यांत तीन लहान चकत्या असतात, व त्यांत डिस्प्रोसियम धातूचा अंश मिसळलेलें कॅल्शियम सल्फेट असतें. दिवसभर तापलेला जांभा दगड सूर्यास्तानंतरही ऊब राखून असतो, तशी या चकत्या किरणांची शक्ति सांठवून ठेवितात. पुढें प्रयोगशाळेंत त्या तापविल्या म्हणजे प्रकाश देतात. जितके किरण अधिक, तितका प्रकाश अधिक. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें हे बिल्ले १९७५ च्या सुमारास प्रचारांत आणिले. तत्पूर्वी छायाचित्राच्या फिल्मचा उपयोग करीत. बिल्ला दर तीन महिन्यांनीं तपासणीस जातो. पांच वर्षांची सरासरी दर वर्षास २० मिलिसीव्हर्टहून अधिक नसावी, आणि कोणत्याही एका वर्षीं ३० ची मर्यादा ओलांडूं नये, असा आपल्याकडे नियम आहे. डोळ्यांतील भिंगास मोतीबिंदूचें भय असल्यामुळें, त्याची पूर्वीची १५० ची वार्षिक मर्यादा २० वर आणावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय आयोगानें २०११ सालीं केली.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. बिल्ला कोणाचें रक्षण करीत नाहीं. तो केवळ साक्ष देतो. घाईंत तो कपाटांतच राहिला, अथवा आंकडा वाढल्यास चौकशी होईल या भीतीनें जाणूनबुजून काढून ठेविला, तर कागदावर शून्य येतें; परंतु शरीरास लागलेले किरण त्या शून्यानें पुसले जात नाहींत. उलट, वाढलेला आंकडा हा दोषारोप नसून वेळीं मिळालेली सूचना होय. ती मिळाली म्हणजे पडदा नीट लाविला आहे कीं नाहीं, उभें राहण्याची जागा योग्य आहे कीं नाहीं, हें पाहतां येतें.

पालकांनीं यावरून भीति बाळगण्याचें कारण नाहीं. हृदय वांचविण्याचा लाभ रुग्णास होणाऱ्या अल्प धोक्याहून फार मोठा आहे. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कोणी उद्यां त्या खोलींत डॉक्टर, परिचारिका किंवा तंत्रज्ञ म्हणून उभे राहतील. दुसऱ्याच्या हृदयाची काळजी वाहतांना आपल्या देहाचाही खरा हिशेब ठेवा. जो सेवक स्वतः सुरक्षित राहतो, त्याच्याच हातून पुष्कळ वर्षें सेवा घडते.