लास्कोची चित्रगुहा

पावसाचे पाणी हवेतून व मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी चुनखडीच्या खडकाच्या भेगांत शिरले, म्हणजे खडक हळूहळू विरघळू लागतो. हजारो वर्षे हा क्रम चालला, की भूगर्भात गुहा तयार होते. फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागात, माँतिन्याक गावाजवळच्या टेकडीत अशीच एक गुहा आहे. तिचे नाव लास्को.

सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वी आदिमानवाने या गुहेच्या भिंतींवर व छतावर चित्रे रंगविली. प्राण्यांच्या चरबीवर जळणाऱ्या दगडी दिव्यांच्या उजेडात हे काम झाले. लाल व पिवळ्या रंगांसाठी गेरूसारखी माती, तर काळ्या रंगासाठी मँगनीजयुक्त खनिज वापरले गेले. धावणारे घोडे, हरणे आणि रानबैल यांची ही चित्रे आजही सजीव भासतात. एक बैल तर पाच मीटरांहूनही लांब आहे!

पुढे गुहेचे तोंड ढासळून बंद झाले. गुहेवरील मातीचा एक थर पाणी झिरपू देत नसे. त्यामुळे आतील चित्रे अंधारात सुरक्षित राहिली.

१२ सप्टेंबर १९४० रोजी मार्सेल राव्हिदा व त्याचे तीन मित्र एका अरुंद बिळातून आत उतरले. दिव्याच्या प्रकाशात भिंतीवरील प्राणी पाहून ती मुले थक्क झाली. त्यांनी ही वार्ता आपल्या शिक्षकांना सांगितली आणि लवकरच तज्ज्ञ तेथे येऊन पोहोचले.

१९४८ साली गुहा सर्वांसाठी खुली झाली. १९५५ च्या सुमारास तेथे दररोज बाराशे लोक येऊ लागले. कोणीही चित्रांना हात लावीत नव्हते. तरीही चित्रांची हानी होऊ लागली. याचे कारण काय? प्रत्येक प्रेक्षकाच्या उच्छ्वासाबरोबर उष्णता, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड गुहेत साचत होते. ज्या वायूच्या साहाय्याने निसर्गाने ही गुहा कोरली, तोच आता तिच्या भिंतींना अपाय करू लागला. भिंतींवर चुन्याचे पांढरे स्फटिक जमू लागले. दिव्यांच्या उजेडामुळे हिरवे शेवाळही वाढले.

अखेरीस १९६३ साली फ्रान्सचे तत्कालीन सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा लोकांसाठी बंद केली. तथापि, लोक चित्रांच्या दर्शनाला कायमचे मुकले नाहीत. १९८३ साली जवळच गुहेच्या मुख्य भागांची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली आणि २०१६ साली टेकडीच्या पायथ्याशी तिच्याहून मोठी प्रतिकृती तयार झाली. प्रेक्षक आता तेथेच ती चित्रे पाहतात.

मूळ गुहा मात्र पुन्हा शांत व अंधारी झाली आहे. काही थोड्या तज्ज्ञांनाच तेथे मोजका वेळ प्रवेश मिळतो. सुंदर वस्तू पाहण्याची इच्छा सर्वांनाच असते. पण काही ठेवे असे असतात, की त्यांच्यापासून दूर राहणे हेच त्यांचे खरे रक्षण होय.