मोठी रिम बसवली की गाडी पळते?

माझदा कंपनीला आपल्या एमएक्स-५ या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाडीचा सगळ्यात चपळ अवतार काढायचा होता, तेव्हा तिने रिम मोठी केली नाही. जपानमध्ये २०२१च्या अखेरीस जाहीर झालेल्या या गाडीचं नाव ९९०एस. नावातच वजन आहे, ९९० किलो. तिला रिम १६ इंचीच ठेवली, फक्त ती रेज कंपनीची फोर्ज केलेली, नेहमीच्या रिमपेक्षा नगामागे सुमारे ८०० ग्रॅम हलकी. पुढच्या चाकांना ब्रेम्बोचे मोठे ब्रेक दिले, तेही त्याच १६ इंचांत बसवून. आणि याच पिढीच्या दोन लिटर इंजिनाच्या गाडीला मात्र कंपनी स्वतः १७ इंची रिम लावून देते. एकाच कारखान्यातून दोन उत्तरं बाहेर पडली, आणि दोन्ही बरोबर आहेत.

एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकली जात नाही. तरी या लेखात तिलाच धरून बोलणार आहे, कारण हलक्या, साध्या गाडीत चाकांचा फरक लपत नाही. तीनशे अश्वशक्तीच्या गाडीत इंजिनाचा जोर बऱ्याच चुका पोटात घालतो. इथे ती सोय नाही.

आधी टायरवरचे आकडे. २०५/४५ आर१७ याचा अर्थ टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे ९२ मिलिमीटर, आणि रिम १७ इंचांची. लोक नेमके इथेच फसतात.

गैरसमज: रिम मोठी म्हणजे चाक मोठं

अपसाइझिंग, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठी रिम बसवणं, नीट केलं तर चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच राहतो. रिम वाढते आणि रबर तेवढं कमी होतं. वरच्या मापात १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, त्यात दोन्ही बाजूंची साइडवॉल मिळवली की व्यास ६१६ मिलिमीटर. आता कोणी १८ इंची रिमवर २१५/३५चा टायर चढवला, तर व्यास येतो सुमारे ६०८. फरक दीड टक्क्याच्या आत, म्हणजे हरकत घेण्यासारखा नाही. पण साइडवॉल ९२वरून ७५वर आली. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये असलेल्या उशीतले १७ मिलिमीटर गेले, आणि पैसे त्यासाठीच मोजले.

२१५/४०चा टायर घेतला तर साइडवॉल ८६ मिलिमीटर राहते, पण व्यास ६२९पर्यंत जातो, मूळ मापापेक्षा दोन टक्के जास्त. मग स्पीडोमीटरचा काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा दोन टक्के पुढे असेल, आणि ओडोमीटर कमी किलोमीटर मोजेल. शिवाय प्रत्येक गिअर थोडा लांब होतो, म्हणजे उचल किंचित मंदावते. दुकानातला मुलगा ‘बसतं साहेब, घासत नाही’ म्हणतो तेव्हा यातलं काहीच त्याच्या मनात नसतं. कॅल्क्युलेटर काढून हा हिशेब आपणच करावा, दोन मिनिटांचं काम आहे.

गैरसमज: मोठ्या रिमने गाडी वेगवान होते

अमेरिकेतल्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने २०१०मध्ये एकच फोक्सवॅगन गोल्फ घेऊन तिला १५पासून १९ इंचांपर्यंत पाच मापांच्या रिम लावून पाहिल्या. टायर सगळ्या मापांत एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले, त्यामुळे तुलना रास्त होती. लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या मापातला फरक असा आला: शून्यापासून ताशी ६० मैलांपर्यंतची उचल सुमारे चार टक्क्यांनी मंदावली आणि इंधनाचं मायलेज सुमारे दहा टक्क्यांनी उतरलं. मापाबरोबर टायर रुंद होत गेले म्हणून वळणावरची पकड मात्र सुधारली.

कारणं सरळ आहेत. मोठी रिम बहुधा जड असते. रबर आणि हवेच्या जागी धातू येतो, आणि तो मध्यापासून लांब, कडेकडे सरकतो. फिरणाऱ्या वस्तूचं वजन जितकं कडेला तितकं तिला फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. रुंद टायर हवेलाही जास्त अडतो.

पण हलक्या चाकांचे भक्तही काही कमी नाहीत. ‘चाकातला एक किलो म्हणजे अंगावरचे दहा किलो’ हे वाक्य गाडीवेड्यांच्या प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतं. भौतिकशास्त्र याला साथ देत नाही. वजन अगदी टायरच्या बाहेरच्या कडेवर असलं तरी उचलीच्या हिशेबात एक किलोचे जास्तीत जास्त दोन किलो होतात. एक साधी सरळ चालतानाची जडता, आणि तेवढीच फिरण्याची. रिमवरचं वजन कडेपेक्षा आत असतं, म्हणून ते दोनपेक्षाही कमी भरतं. चार चाकांत मिळून सहा किलो वाढले, तर १०५० किलोच्या गाडीला ते वाईटात वाईट बारा किलोंसारखे वाटतील, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. घड्याळ लावल्याशिवाय कळणार नाही.

चाकाच्या वजनाचा खरा त्रास वेगळीकडे होतो. चाक, टायर, ब्रेक हा सगळा भार सस्पेन्शनच्या खाली असतो. रस्त्यावर उंचवटा आला की तो उडतो, आणि शॉक अॅबसॉर्बरने त्याला लगेच खाली आणायचं असतं. भार जड झाला की हे काम उशिरा होतं आणि तेवढा वेळ टायर रस्त्याला नीट टेकलेला नसतो. त्यात उशी पातळ झालेली. गुळगुळीत ट्रॅकवर याचा पत्ता लागत नाही. खडबडीत घाटात, वळण घेताना मागचं चाक बाजूला सरकतं, तेव्हा लागतो.

गैरसमज: रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर

हे इतकं उघड वाटतं की तपासायचं कोणाला सुचत नाही. टायर रस्त्याला जेवढ्या भागाने टेकतो त्याचं क्षेत्रफळ मुख्यतः दोनच गोष्टींवर ठरतं: चाकावरचा भार आणि आतल्या हवेचा दाब. तीच गाडी, तोच दाब, तर क्षेत्रफळ जवळपास तेच. बदलतो तो आकार. पीठ तेवढंच, पोळी लांबट लाटली की आडवी, एवढाच फरक. टायर रुंद झाला की टेकलेला भाग आडवा रुंद आणि पुढेमागे आखूड होतो.

त्या आडव्या आकाराचे फायदे खरे आहेत. वळताना टायर कमी मुरगळतो, उष्णता जास्त जागेत पसरते, स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळतं. तोटाही तितकाच खरा. साचलेल्या पाण्यातून जाताना रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते जमलं नाही तर तो पाण्यावर तरंगू लागतो. जुलैत मुंबई-पुणे महामार्गावर याचा विचार करावा.

टोयोटाने तर उलट्या दिशेने जाऊन दाखवलं. २०१२च्या जीटी८६ला, म्हणजे दोनशे अश्वशक्तीच्या, मागच्या चाकांच्या जोरावर धावणाऱ्या गाडीला, २१५/४५ आर१७ मापाचे मिशलिन प्रायमसी टायर दिले. तेच टायर प्रियस या इंधन वाचवणाऱ्या कुटुंबवत्सल हायब्रिडलाही मिळत. मुख्य अभियंते तेत्सुया तादा यांच्या चमूला कमी पकडच हवी होती, कारण मग गाडी कुठे सुटते आणि कुठे सावरते हे सामान्य वेगातही हाताला कळतं. काहींना हे पटलं नाही, त्यांनी पहिल्याच महिन्यात चिकट रुंद टायर चढवले. मजा कोणाला आली, हा वादाचा मुद्दा आहे. माझं मत टोयोटाच्या बाजूचं.

गैरसमज: रेसिंगच्या गाड्यांना मोठ्याच रिम असतात

फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१पर्यंत १३ इंची रिमवर धावत होत्या. जगातल्या सगळ्यात वेगवान सर्किट गाड्या, आणि रिम आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकसारखी. तो फुगीर, उंच टायर हा त्यांच्या सस्पेन्शनचाच भाग होता. बसणाऱ्या धक्क्यांचा मोठा वाटा स्प्रिंगऐवजी साइडवॉलच झेलत असे.

२०२२मध्ये रिम १८ इंचांची झाली. टायरचा बाहेरचा व्यासही ६७०वरून ७२० मिलिमीटर झाला आणि चाकं जड झाली. त्या वर्षी गाडीचं किमान वजन ७५२वरून ७९८ किलो झालं, त्यात नव्या चाकांचाही वाटा होता. बदलाच्या कारणांत टायरवाल्यांना रस्त्यावरच्या गाड्यांशी मिळतंजुळतं माप हवं होतं हे मोठं कारण. मोठी रिम मुळातच वेगवान असती, तर इतकी वर्षं संघांनी त्यासाठी नियम बदलून मागितले असते.

मग शोरूममधल्या सुपरकारला २० आणि २१ इंची रिम का? बहुतेक वेळा ब्रेकसाठी. निसान जीटी-आर २००७मध्ये आली ती २० इंची रिमवर, कारण तिच्या पुढच्या ब्रेकची डिस्कच ३८० मिलिमीटरची होती. १७०० किलोंच्या वर वजन असलेली गाडी ताशी ३०० किलोमीटरवरून पुन्हा पुन्हा थांबवायची, तर डिस्क मोठी लागते आणि डिस्क मावेल एवढी रिम लागते. हे मोठ्या रिमचं सगळ्यात सच्चं कारण. तुमच्या गाडीची डिस्क तीच राहणार असेल, तर नुसती रिम मोठी केल्याने ब्रेक सुधारत नाहीत. चाकाच्या आरशासारख्या पात्यांमागे लहानशी डिस्क दिसू लागते, एवढंच.

गैरसमज: बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं

बोल्टच्या छिद्रांमधलं अंतर, म्हणजे पीसीडी, जुळणं ही फक्त सुरुवात. चाकाच्या मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे. एमएक्स-५मध्ये ते ५४.१ मिलिमीटरचं असतं. बाहेरच्या रिमचं भोक मोठं असेल तर मध्ये योग्य मापाची रिंग घालावी लागते, नाहीतर कितीही बॅलन्सिंग केलं तरी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरत राहतं. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर, कमी पडला तर चाक बाहेर येतं, बेअरिंगवर जादा ताण पडतो, आणि एका बाजूला खड्डा किंवा पाणी लागलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. स्पेसर घालून चाक बाहेर काढणं म्हणजे हाच दोष विकत घेणं.

टायरवरचा लोड इंडेक्सही पाहावा. ८४ म्हणजे ५०० किलो, ९१ म्हणजे ६१५. साइडवॉल कमी झाली की टायरमध्ये हवाही कमी मावते, म्हणून पातळ टायर पुष्कळदा जादा भाराच्या एक्सएल प्रकारात घ्यावा लागतो आणि त्यात दाबही जास्त ठेवावा लागतो. गाडी आणखी खणखणीत होते ती इथून. आणि नावाजलेल्या रिमची हुबेहूब, स्वस्त नक्कल घेऊ नये. रिम चांगल्या कंपनीची असेल तर ती मोठ्या खड्ड्यात फार तर वाकते. ओतीव नक्कल तडकते, आणि तडकलेली रिम हवा एकदम सोडते.

टायरच्या बाजूला फुगा आला तर आतले धागे तुटलेले असतात. पंक्चरवाला काहीही म्हणो, तो टायर दुरुस्त होत नाही. बऱ्याच स्पोर्ट्‌स कारमध्ये स्टेपनी नसते, नुसतं हवा भरायचं किट असतं, आणि कडेने फाटलेल्या टायरपुढे ते किट कामाचं नाही.

मग बदलायचंच नाही का? दिसायला आवडतं म्हणून रिम बदलणं हे पुरेसं कारण आहे, फक्त त्याला वेगाचं नाव देऊ नये. एक इंच वाढवावा, व्यास तोच राखावा, आणि रिमचं वजन किलोत विचारावं. दुकानदाराला ते सांगता येत नसेल तर दुसरं दुकान गाठावं. गाडी चालवायला चांगली व्हावी एवढीच इच्छा असेल, तर तेच पैसे मूळ मापाच्या उत्तम टायरवर घालावेत. टायर बदलल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा रिमने क्वचितच पडतो.

कागदपत्रांचं वेगळं पाहावं लागतं. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाच्या विरोधात जाणारे बदल चालत नाहीत, आणि केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते स्पष्ट केलं. त्यामुळे सगळ्यात निर्धोक माप म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला दिलेलं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि खरोखरच एमएक्स-५ बाळगणाऱ्या मराठी वाचकाने बदल करण्याआधी विमा कंपनीला कळवावं. जर्मनीत असाल तर रिमसोबत मंजुरीचा कागद मिळतो का ते आधी विचारा. तो नसेल तर गाडी तपासणीला नेऊन नोंद करून घ्यावी लागते.