बाजूंच्या लांबीवरून काटकोन त्रिकोण ओळखणे

या पाठात आपण शिकणार आहोत:
• पायथागोरसचे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास यांतील फरक
• तीन लांब्यांवरून त्रिकोणाचा प्रकार ठरवणे
• लांब्या मोजून मिळाल्या असतील तर निर्णय कसा घ्यावा

१. प्रस्तावना

जयपूर हे शहर सवाई जयसिंग यांनी १७२७ मध्ये वसवले. त्यांनीच बांधलेल्या इथल्या जंतर-मंतर वेधशाळेचा २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिथले सम्राट यंत्र म्हणजे एक प्रचंड सूर्यघड्याळ. त्याची मधली भिंत बाजूने पाहिली की एक भला मोठा काटकोन त्रिकोण दिसतो. त्याचा कर्ण पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणून तो जमिनीशी जयपूरच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे २७ अंशांचा कोन करतो.

विद्यार्थ्यांना तिथे नेले की मी एक प्रश्न विचारतो: एवढ्या आकाराचा कोनमापक कुठेच मिळणार नाही. हाती फक्त मोजपट्टी असेल, तर उभी कड आणि पाया यांत काटकोन आहे हे कसे तपासाल? "पायथागोरस!" हे उत्तर लगेच येते. ते चुकीचे नाही, पण दोन ठिकाणी अपुरे आहे.

२. प्रमेय आणि व्यत्यास

प्रमेय: त्रिकोण काटकोन असेल, तर कर्णाचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो.

व्यत्यास: एका बाजूचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असेल, तर त्या बाजूसमोरचा कोन काटकोन असतो.

काटकोन ओळखताना आपण व्यत्यास वापरतो, प्रमेय नव्हे. विधान खरे असले म्हणून त्याचा व्यत्यास आपोआप खरा ठरत नाही. चौरसाच्या चारही बाजू समान असतात. पण चारही बाजू समान असलेला प्रत्येक चौकोन चौरस नसतो. म्हणून व्यत्यासाची सिद्धता वेगळी द्यावी लागते. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात प्रमेय ४७ वे आहे आणि व्यत्यास ४८ वा. जयसिंगांच्या दरबारातले पंडित जगन्नाथ सम्राट यांनी हाच ग्रंथ अरबीवरून संस्कृतात 'रेखागणित' या नावाने आणला. पुढे तो मुंबईहून छापला गेला.

सिद्धता: समजा अ² + ब² = क². अ आणि ब या बाजूंमध्ये काटकोन ठेवून दुसरा त्रिकोण काढा. प्रमेयानुसार त्याच्या कर्णाचा वर्ग अ² + ब², म्हणजेच क². म्हणून त्याचा कर्णही क. आता दोन्ही त्रिकोणांच्या तिन्ही बाजू समान आहेत. बाबाबा कसोटीने ते एकरूप आहेत. दुसऱ्यात काटकोन आहे, म्हणून पहिल्यातही आहे.

प्रमेयाचा उपयोग सिद्धतेत झाला, हे लक्षात घ्या.

३. कसोटीच्या पायऱ्या

(१) सर्वांत मोठ्या बाजूला क म्हणा.
(२) अ + ब > क आहे का ते पाहा. नसेल तर त्रिकोणच होत नाही.
(३) क² ची तुलना अ² + ब² शी करा. समान असेल तर काटकोन, क² मोठा असेल तर विशालकोन, लहान असेल तर लघुकोन त्रिकोण.

उदाहरणे:
• २०, २१, २९: ४०० + ४४१ = ८४१ = २९². काटकोन.
• ५, ६, ८: २५ + ३६ = ६१; ६४ मोठा. विशालकोन.
• ६, ७, ८: ३६ + ४९ = ८५; ६४ लहान. लघुकोन.
• ५, ७, १३: ५ + ७ = १२, तो १३ पेक्षा कमी. त्रिकोण नाही. दुसरी पायरी गाळली तर याला विशालकोन म्हणून मोकळे व्हाल.

४. लांब्या मोजलेल्या असतील तर

पाया १०० एकक आणि जयपूरचा अक्षांश २६ अंश ५५ मिनिटे घेऊन कागदावर काटकोन त्रिकोण काढला, तर उंची ५०.८ आणि कर्ण ११२.१ येतो (एका दशांश स्थळापर्यंत). आता तपासा: १०००० + २५८०.६४ = १२५८०.६४, पण ११२.१² = १२५६६.४१. फरक १४.२३. मुळात काटकोन असूनही समानता येत नाही!

दोष कसोटीचा नाही, पूर्णांकनाचा आहे. प्रत्येक लांबीत जास्तीत जास्त च इतकी चूक संभवत असेल, तर वर्गांच्या फरकात साधारण २(अ + ब + क)च इतकी चूक येऊ शकते. इथे पाया नेमका आहे. उंची आणि कर्णात ०.०५ पर्यंत चूक शक्य आहे. म्हणून मर्यादा २ × (५०.८ + ११२.१) × ०.०५ = १६.२९. आपला फरक तिच्या आत आहे, तेव्हा "काटकोन नाही" असे म्हणता येत नाही.

कोन किती चुकला, हे कोसाइनच्या नियमावरून मिळते. कोन ९० अंशांच्या जवळ असेल तर

कोनातील फरक (रेडियनमध्ये) ≈ (क² − अ² − ब²) ÷ २अब

गवंडी पायाची आखणी करताना ३, ४, ५ चे माप वापरतात. समजा ३ मीटर आणि ४ मीटरच्या खुणांमधले अंतर ५.०१ मीटर भरले. वर्गांतला फरक ०.१००१. मोजपट्टीची चूक २ मिलिमीटर धरली तरी मर्यादा २ × १२ × ०.००२ = ०.०४८ येते. फरक तिच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणजे कोपरा खरोखर चुकला आहे. चूक ०.१००१ ÷ २४ ≈ ०.००४२ रेडियन, सुमारे ०.२४ अंश. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण १२ मीटर लांबीच्या भिंतीचे टोक ५ सेंटीमीटर सरकते. सूर्यघड्याळावर १५ अंश म्हणजे एक तास, ०.२४ अंश म्हणजे जवळजवळ एक मिनिट. सम्राट यंत्राची सर्वांत लहान खूण २ सेकंदांची आहे.

उपाय साधा आहे: मोठा त्रिकोण घ्या. ६, ८, १० मीटर घेतले, तर कर्णातल्या त्याच एका सेंटीमीटरने कोनात निम्मीच चूक होते.

संगणकावरही हीच काळजी घ्या. बाजू १, १, √२ घेऊन अ² + ब² = क² असे थेट तपासले, तर नेहमीच्या दुहेरी अचूकतेत √२ चा वर्ग २ पेक्षा किंचित मोठा येतो आणि उत्तर "नाही" मिळते. समानतेऐवजी फरक मर्यादेत आहे का, ते तपासा.

५. स्वाध्याय

(१) ९, ४०, ४१ हा त्रिकोण कोणत्या प्रकारचा?
(२) ८, ११, १३ हा कोणत्या प्रकारचा?
(३) ६ मीटर × ८ मीटर खोलीचा कर्ण ९.९७ मीटर भरला. त्यासमोरचा कोन किती?

उत्तरे: (१) काटकोन (२) लघुकोन (३) सुमारे ८९.६४ अंश