सातबाराचा नमुना आणि सोयाबीनचा नमुना

"सर, मांगच्या सालचा रिपोर्ट हाये न आमच्यापाशी. तेच टेम्प्लेट."

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की हे वाक्य मला अमरावतीत ऐकू येतं, बडनेऱ्यात ऐकू येतं, अकोल्याला गेलो तर तिथेही. मुलं आळशी नाहीत. कोड त्यांनी रात्र रात्र जागून स्वतः लिहिलेला असतो. पण तो प्रोग्रॅम कसा बसवायचा, कसा वापरायचा, बिघडला तर काय करायचं हे सांगणारी पानं मात्र सिनियरच्या पेनड्राइव्हमधून येतात. त्या पानांना टेम्प्लेट म्हणणं साफ चूक आहे. ती दुसऱ्याची सोडवलेली उत्तरपत्रिका आहे.

यंदाचाच एक रिपोर्ट सांगतो. विषय होता जिनिंगमधल्या वजनकाट्याचा. कापसाने भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ कापूस आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारी पावती. प्रोग्रॅम खरंच चांगला होता. रिपोर्टच्या चौथ्या प्रकरणात वाक्य आलं: 'सदस्याने पुस्तक परत केल्यावर दंडाची रक्कम दिसेल.' मूळ रिपोर्ट कुणाच्या तरी ग्रंथालयाच्या प्रोजेक्टचा होता. मुखपृष्ठावरचं नाव बदललं, प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं बदललं, हे वाक्य तेवढं सुटलं. इन्स्टॉलेशनच्या पानावर त्याहून वाईट अवस्था होती. तिथे जो फोल्डर उघडायला सांगितला होता, त्याच्या नावात ज्या मुलाचं नाव होतं तो या चौघांपैकी कुणीच नव्हता. म्हणजे ते पान सिनियरच्या लॅपटॉपचं होतं. जिनिंगमधल्या माणसाने ते वाचून प्रोग्रॅम बसवायचा म्हटला, तर तो फोल्डर त्याला जन्मात सापडणार नाही.

हा घोळ होतो कशाने, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, थोडा दोष आपल्या एका शब्दाचाही आहे. 'नमुना' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. अकोल्याच्या मार्केट यार्डात व्यापारी सोयाबीनच्या ढिगातून मूठभर दाणे हातात घेतो, तो नमुना. तो भरलेला असतो, त्याच ढिगाचा असतो, दुसऱ्या ढिगाला लागू होत नाही. आणि गाव नमुना सात, गाव नमुना बारा, हेही नमुनेच. पण हे कोरे असतात. त्यात फक्त रकाने आहेत आणि प्रत्येक रकाना एक प्रश्न विचारतो: जमीन कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, इतर हक्क कोणाचे, पीक कोणतं. टेम्प्लेट म्हणजे हा दुसरा नमुना. पोरं पहिला उचलतात आणि त्याला दुसऱ्याचं नाव देतात.

शेजाऱ्याच्या सातबाऱ्याची झेरॉक्स काढून, त्यावरचं नाव खोडून तिथे आपलं लिहिलं, तर जमीन आपली होते का? पटवाऱ्यासमोर असं काही बोलायची कुणाची हिंमत होणार नाही. मग सॉफ्टवेअरच्या कागदाला हेच का चालावं?

सातबाऱ्याचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण ते इथे प्रत्येकाच्या घरात आहे. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंदवही; दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. असे गाव नमुने एकूण २१ आहेत. सहावा फेरफाराचा, आठ-अ खातेदाराचा. अकोटच्या शेतकऱ्यापुढे कोल्हापूरकडचा सातबारा ठेवा. भोगवटादार कुठे पाहायचा, कर्जाचा बोजा कुठे शोधायचा, हे तो कुणाला न विचारता दाखवेल. माहिती सगळी वेगळी, जागा तीच. चांगल्या टेम्प्लेटचा वाचणाऱ्याला मिळणारा फायदा तो हाच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवरून करू लागला. लिहिणारा हात बदलला, कागदाच्या जागी ॲप आलं, तरी पीक कोणतं, किती क्षेत्रात, पाणी कशाचं, हे प्रश्न टिकले. प्रश्न नीट काढलेले असले की साधन बदललं तरी साचा कामाला येतो.

साच्यावर एक आक्षेप जरा शिकल्यासवरल्या लोकांकडून येतो: साच्यात घातलं की लिखाण मरतं. त्यांनी रिद्धपूरची आठवण ठेवावी. मोर्शी तालुक्यातल्या या गावात महानुभावांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या, तपासल्या, लिहून ठेवल्या. म्हाइंभटांचं लीळाचरित्र त्यातूनच उभं राहिलं. त्याच पंथातल्या केसोबासांनी दृष्टांतपाठ केला. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि बांधणी प्रत्येकाची तीच: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. म्हणजे आधी तत्त्व, मग ते पटवणारी गोष्ट, मग गोष्टीचा तत्त्वाशी जोड. हत्ती चाचपणारे आंधळे त्यातच भेटतात. सातशे वर्षांपूर्वीचं ते मराठी गद्य आजही ताजं वाटतं आणि तीन अंगांच्या बांधणीने त्याचा श्वास कुठे कोंडलेला दिसत नाही. उलट वाचणाऱ्याला आपण कुठे आहोत हे सतत कळत राहतं.

संगणकाच्या जगातलाही दाखला आहे. युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची. प्रत्येक कमांडला ठरलेले मथळे: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फाइली, आणि त्यात एक मथळा 'बग्स'. आपल्या प्रोग्रॅमची खोट सांगायला खास जागा ठेवलेली! हा मथळा कोरा समोर असला की लिहिणाऱ्याला स्वतःला विचारावंच लागतं, माझं कुठे चुकतं? लिनक्सवर कुठल्याही कमांडचं मॅन पेज उघडा, तीच घडण आजही दिसते. माझ्यापुढे येणाऱ्या रिपोर्टांत मात्र 'भविष्यातील सुधारणा' हे दोन पानांचं प्रकरण असतं आणि उणिवांची एक ओळ नसते. कारण सिनियरच्या रिपोर्टातही ती नव्हती.

"स्टँडर्डनेच एक साचा ठरवून दिलाय" असं ठामपणे सांगणारेही भेटतात. ते बोट दाखवतात आयट्रिपलई ८३० कडे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गरजा कशा लिहाव्यात हे सांगणाऱ्या मानकाकडे. १९९८ च्या त्या दस्तऐवजाचं परिशिष्ट उघडून पाहावं: गरजांच्या मुख्य प्रकरणासाठी तिथे एक नाही, आठ वेगवेगळे आराखडे दिले आहेत आणि आपल्या कामाला शोभेल तो निवडायचा आहे. शिवाय २०११ मध्ये त्याची जागा २९१४८ या नव्या मानकाने घेतली. तरी आपल्याकडे ८३० चाच धाक घातला जातो.

बाकीचे समज किरकोळ आहेत. फॉन्ट, समास आणि सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग म्हणजे टेम्प्लेट नव्हे. ती छपाईची सूचना झाली. साचा जितका लांब तितका चांगला, हेही खोटं. जो रकाना दर वेळी 'लागू नाही' म्हणून भरला जातो तो काढून टाकावा. मराठीत लिहिलं तर काम हलकं दिसतं, असं समजणाऱ्याने काट्यावर बसणारा माणूस कोणती भाषा वाचतो ते आधी पाहून यावं. आणि एआयला सांगितलं की तो लिहून देतो. देतो, पण तुमच्या प्रोग्रॅममध्ये कोणतं बटण कुठे आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायचा मार्ग नाही.

मग साचा करायचा कसा? जुना रिपोर्ट फेकू नका. तसे तीन घ्या. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा, हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? तो प्रश्न समासात लिहा आणि उत्तर खोडा. तिन्हींत आलेले प्रश्न ठेवा. मग जो प्रश्न तिघांनीही टाळला, तो स्वतः घाला.

त्या वजनकाट्याच्या चौघांकडून मी एवढंच करवून घेतलं. आधी त्यांच्या पानावर एक ओळ होती: 'डेटाबेस कनेक्ट करा.' आम्ही प्रत्येक पायरीसाठी तीन रकाने पाडले: काय करायचं, काय दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर. ती एक ओळ त्यात अशी बसली. झॅम्प उघडून मायएसक्यूएलसमोरचं स्टार्ट दाबा. मायएसक्यूएल हे नाव हिरवं झालं पाहिजे आणि शेजारी ३३०६ हा आकडा दिसला पाहिजे. नाव पिवळं होऊन पुन्हा साधं झालं, तर त्या कॉम्प्युटरवर दुसरं मायएसक्यूएल आधीच चालू आहे का, ते पाहा. हे तिसरं वाक्य लिहायला त्यांना प्रोग्रॅम अनोळखी कॉम्प्युटरवर नेऊन बिघडवून पाहावा लागला. त्यात अर्धा दिवस गेला.

शेवटी 'माहीत असलेल्या अडचणी' असा रकाना ठेवला होता. तो बराच वेळ कोरा राहिला. मग त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, पावती सेव्ह होता होता लाइन गेली तर नंबर वाया जाते." मी म्हटलं, हेच लिही. तिने लिहिलं: 'वीज गेल्यास चालू पावतीचा क्रमांक वाया जातो. तो वहीत टिपून ठेवावा आणि पुढच्या क्रमांकाने नवी पावती करावी.' जिनिंगवाल्याने रिपोर्टातलं तेवढं एक पान झेरॉक्स करून काट्याच्या खोलीत, स्विचबोर्डच्या वर चिकटवलं आहे.